सी ड्राइव्ह १०० जीबीचीच का?

जळगावहून
मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा ५१२ जीबीच्या एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचा, लॅपटॉप घेतला. दुकानदाराने न विचारताच त्या डिस्कचे दोन भाग केले: विंडोजसाठी १०० जीबीची सी आणि उरलेल्या जागेची डी. आठ महिन्यांत सीची पट्टी लाल झाली. डीमध्ये मात्र जेमतेम ११ जीबी भरले आहेत. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट किमान ६४ जीबीची डिस्क सांगते. त्यावर पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल), हायबरनेशनची फाइल (चालू काम जपून लॅपटॉप बंद करण्यासाठीची), अपडेटला लागणारी जागा आणि कॅडची, म्हणजे आराखडे काढण्याची, सॉफ्टवेअरे धरली, तर १०० जीबी पुरणार कशी? फिरत्या हार्ड डिस्कवर सुरुवातीचा भाग तबकडीच्या बाहेरच्या कडेला असे आणि तिथे वाचन वेगाने होई, म्हणून लहान सीला काही अर्थ होता. एसएसडीत ते कारणच उरलेले नाही. माझ्या मते एकच सी असावी.

रावेरहून
भाऊ, तुमच्या दुकानदाराचा आकडा चुकला, विभागणी चुकली नाही. आमचे केळीच्या खरेदीचे काम आहे. ऐन कापणीत विंडोज सुरूच होईना, तेव्हा दुरुस्तीवाल्याने सी फॉरमॅट करून ते नव्याने बसवले आणि डीमधल्या वजनाच्या नोंदी, कोणाला किती उचल दिली त्याचे हिशेब, सगळे जसेच्या तसे मिळाले. एकच सी असती तर आधी हिशेब बाहेर काढण्यातच दिवस गेला असता, आणि कापणीला आलेला घड कोणासाठी थांबत नाही. सी २०० जीबीची करा, पण डी वेगळीच ठेवा.

भुसावळहून
मी लॅपटॉप दुरुस्तीच करतो. रावेरच्या भाऊंचा अनुभव खरा आहे, पण त्यातून येणारा भरवसा मला धोक्याचा वाटतो. सी आणि डी एकाच एसएसडीवर असतात; ती बंद पडली की दोन्ही एकदमच जातात. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी. शिवाय विंडोज बिघडले तरी रीसेट करताना वैयक्तिक फायली ठेवण्याचा पर्याय असतो. सॉफ्टवेअरे तेवढी पुन्हा टाकावी लागतात.

खरी अडचण पुढे आहे. डी लहान केली, तर मोकळी जागा डीच्या शेवटी निघते, सीला लागून नाही. म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवण्याचा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकटच राहतो, निवडता येत नाही. तिथूनच सी वाढवायची तर डी रिकामी करून पुसावी लागते. उलट मोठ्या सीमधून पुढे डी काढणे बहुधा सोपे जाते. म्हणून सुरुवात मोठ्या सीनेच करावी.

धुळ्याहून
विंडोजसोबत उबंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही ठेवायची असेल, तर एकच सी चालणार नाही. उबंटूला किमान २५ जीबी लागतात. मी ६० देतो आणि होम, म्हणजे स्वतःच्या फायलींचा भाग, वेगळे ठेवतो.

रावेरहून
बाहेरच्या प्रतीचे पटले, ती आजपासून ठेवतो. डी मात्र सोडणार नाही. आमचा लॅपटॉप चौघे वापरतात आणि हिशेब कुठे ठेवायचा हे 'डीमध्ये' एवढ्या एका शब्दात सांगता येते.

जळगावहून
भुसावळच्या भाऊंनी सांगितलेले 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' आमच्याकडेही फिकटच होते, त्याचे कारण आज कळले. डीमधल्या ११ जीबीची पेनड्राइव्हवर प्रत घेतली, ती उघडून पाहिली, मग डी पुसून सगळी जागा सीला जोडली. लॅपटॉप आता ४७५ जीबीच्या आसपास सी दाखवतो. ५१२ मधले बाकीचे गेले कुठे, असे मुलीने विचारले, तेव्हा कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हे तिला वहीवर मांडून दाखवले.