फायर टीव्ही स्टिक: रिमोट हरवलाय, वाय-फाय बदललंय, आता जोडायची कशी?

सामानसुमान

घर बदललं, ब्रॉडबँड नवं घेतलं आणि ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा (टीव्हीला लावायचं, नेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण) रिमोट कुठल्या खोक्यात गेलाय ते कळत नाही. स्टिक टीव्हीला लावली की सुरू होते, पण जुनंच वाय-फाय शोधत बसते. फोनवर फायर टीव्हीचं ॲप घेतलं तर त्यात स्टिक दिसत नाही, कारण फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर हवेत म्हणे. म्हणजे वाय-फाय जोडायला ॲप हवं आणि ॲप चालायला वाय-फाय!

हाताशी दोन अँड्रॉइड फोन, एक आयफोन आणि विंडोज लॅपटॉप आहे. जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड माहीत आहे. नवा रिमोट यायला आठवडा लागेल. तीन प्रश्न:
१. एका फोनला इन्फ्रारेड आहे, त्याचा रिमोट करता येईल का?
२. राउटरचं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायचं) बटण दाबून काम होईल का?
३. स्टिक सरळ रीसेट करून टाकू का?

खटपट्या

तिसऱ्याचं उत्तर आधी: रीसेट अजिबात करू नका. स्टिकला जुनं वाय-फाय आठवतंय हाच तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे. रीसेट केलीत की तोही गेला, आणि वर सुरुवातीच्या सेटअपला पहिल्याच पडद्यावर रिमोट मागेल.

इन्फ्रारेडने होणार नाही. स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. त्यात इन्फ्रारेड असतं ते फक्त टीव्हीचा आवाज आणि पॉवर यांच्यासाठी. डब्ल्यूपीएसही नाही, कारण नुसतं राउटरचं बटण दाबून भागत नाही, स्टिकच्या मेनूतही तो पर्याय निवडावा लागतो.

आता करायचं काय. स्टिक वाय-फाय ओळखते ती नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार यांवरून. राउटर कुठला, घर कुठलं, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. म्हणून एका फोनवर जुन्या वाय-फायच्याच नावाचा आणि पासवर्डचा हॉटस्पॉट सुरू करा. स्टिकची पॉवर काढून पुन्हा लावा. मिनिट-दोन मिनिटांत ती आपसूक त्या हॉटस्पॉटला जोडली जाईल, आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या उपकरणांत ती दिसायला लागेल.

मग दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा आणि त्यावर ॲप उघडा. स्टिक ज्या ॲमेझॉन खात्यावर आहे त्याच खात्याने लॉगिन करा. यादीत स्टिक आली की तिच्यावर टॅप करा, टीव्हीवर चार अंकी कोड येईल, तो ॲपमध्ये टाका. आता फोनच तुमचा रिमोट. सेटिंग्ज, नेटवर्क, घरचं नवं वाय-फाय, पासवर्ड. पासवर्ड बाणांनी एकेक अक्षर निवडत टाकायची गरज नाही, ॲपमधल्या कीबोर्डच्या चिन्हावर टॅप केलं की फोनवरून टाइप करता येतो.

नवं वाय-फाय जोडलं गेलं की ॲपचा संपर्क तुटेल. हे व्हायलाच हवं, घाबरू नका. स्टिक घरच्या वाय-फायवर गेली आणि फोन अजून हॉटस्पॉटवर आहे, एवढंच. फोनही घरच्या वाय-फायवर आणा, ॲप पुन्हा उघडा. कधी कधी कोड परत विचारतं.

दोन फोन लागतातच. ज्या फोनवर हॉटस्पॉट आहे त्याच्यावरच ॲप चालवायला गेलात तर बहुतेक वेळा ते स्टिक दाखवत नाही, कारण तो फोन स्वतः कुठल्याच वाय-फायला जोडलेला नसतो.

पिन१३

हॉटस्पॉटच्या भानगडीत पडण्याआधी टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बघा. स्टिकमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने जोडलेलं उपकरण चालवायची सोय, मुळातच सुरू असते. टीव्हीतही सुरू असेल तर टीव्हीच्या रिमोटचे बाण, ओके आणि बॅक ही बटणं थेट स्टिकला लागू पडतात. इन्फ्रारेडने आज्ञा टीव्हीला मिळते आणि टीव्ही ती एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून स्टिककडे ढकलतो.

घोळ इतकाच की प्रत्येक कंपनीने याचं नाव वेगळं ठेवलंय. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. बाकीच्यांत बहुधा एचडीएमआय-सीईसी किंवा नुसतं सीईसी असं लिहिलेलं असतं. सेटिंग्जमध्ये जनरल, सिस्टिम किंवा एक्स्टर्नल डिव्हाइस या नावांखाली शोधा. सुरू केल्यावर स्टिकची पॉवर एकदा काढून लावा, म्हणजे दोघांची नव्याने ओळख होईल. मग टीव्हीवर स्टिकचा एचडीएमआय सोर्स निवडून बाण दाबा.

नेट नसताना होम स्क्रीन पूर्ण उघडत नाही, पण सेटिंग्जपर्यंत जाता येतं. तिथून नेटवर्क, नवं वाय-फाय, आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर बाणांनी पासवर्ड. मोठी अक्षरं आणि चिन्हं वेगळ्या पानावर असतात, तेवढा धीर धरावा लागतो.

स्टिकच्या डिस्प्ले अँड साउंड्समध्ये कोणी आधी सीईसी बंद केलं असेल तर हा मार्ग खुंटला. टीव्ही जुना असून मध्ये एचडीएमआय-टू-एव्ही कन्व्हर्टर लावला असेल तरीही नाही, कारण एव्हीच्या तीन वायरींतून सीईसी जात नाही.

सामानसुमान

सीईसी लावलं. आवाज कमी-जास्त होतो, बाण काहीच करत नाहीत. मग एका अँड्रॉइडवर हॉटस्पॉट सुरू केला. नाव तेच, पासवर्ड तोच. स्टिक तीनदा काढून लावली, पण जोडलेली उपकरणं शून्य. दुसरा फोन मात्र त्याच हॉटस्पॉटला लगेच जोडला जातो, म्हणजे हॉटस्पॉट चालू आहे.

खटपट्या

दुसरा फोन जोडला जातो यावरून हॉटस्पॉट चालू आहे एवढंच कळतं. नाव तंतोतंत जुळतंय का ते कळत नाही, कारण फोनवर तुम्ही यादीत दिसेल ते नाव निवडता. स्टिक मात्र स्वतःजवळचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघते. खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

नाव. इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे सुचवलेला शब्द टॅप केला की त्याच्यामागे एक स्पेस टाकतो. ती डोळ्यांना दिसत नाही आणि नाव बदलून बसतं. नावाच्या रकान्यात कर्सर शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस मारा. शेवटचं अक्षर पुसलं गेलं तर स्पेस नव्हती, ते अक्षर परत टाका. काहीच पुसल्यासारखं वाटलं नाही तर तीच चोर होती. जुन्या राउटरच्या नावात अंडरस्कोअर होता की डॅश, तेही बघा.

सिक्युरिटी. हल्लीच्या फोनांत हॉटस्पॉट डब्ल्यूपीए-३ या नव्या प्रकारच्या सिक्युरिटीवर असू शकतो. जुन्या स्टिकना ते कळत नाही, आणि तुमचा जुना राउटर बहुधा डब्ल्यूपीए-२ वर होता. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ पर्सनल निवडा.

बँड. पाच गिगाहर्ट्झ असेल तर २.४ करा. स्टिक दोन्ही पकडते, पण २.४ वर कटकटी कमी. जुन्या राउटरची दोन नावं असतील, एक साधं आणि एक शेवटी ५जी लावलेलं, तर स्टिक नक्की कुठल्यावर होती ते आठवून तेच नाव द्या. आठवत नसेल तर आधी एक, मग दुसरं.

आयफोनवर हॉटस्पॉट करणार असाल तर नावाचा वेगळा रकाना नसतो. फोनचंच नाव बदलावं लागतं: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, नेम. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी सुरू करा, नाहीतर २.४ मिळत नाही. आणि स्टिक जोडली जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवा.

खरं तर तुमच्याकडे विंडोज लॅपटॉप आहे, तर तोच वापरा. मोबाइल हॉटस्पॉटमध्ये नाव, पासवर्ड आणि बँड तिन्ही देता येतात, आणि तो घरचंच वाय-फाय पुढे वाटतो, त्यामुळे मोबाइलचा डेटा जात नाही. स्टिक नेटवर आली की अपडेट उतरवायला घेते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ते महागात पडतं.

राउटरबुवा

एवढं करण्यापेक्षा नव्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड जुन्यासारखा करून टाका ना. हॉटस्पॉट नको, दुसरा फोन नको. स्टिक येईल, शिवाय जुन्या घरातला प्रिंटर, स्मार्ट प्लग, कॅमेरा, सगळे आपापले जोडले जातील. एकेकाला नवा पासवर्ड देत फिरायला नको.

जिओफायबर असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१, इतर बऱ्याच राउटरना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पत्ता आणि ॲडमिनचा पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. वायरलेसच्या पानावर नाव, पासवर्ड, डब्ल्यूपीए-२. सेव्ह केलं की सगळ्यांचं वाय-फाय मिनिटभर जाईल, घरात कोणाची मीटिंग चालू नाही ना ते विचारून घ्या.

गेस्ट नेटवर्कला जुनं नाव देण्याचा मोह टाळा. त्यात एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली असते. स्टिकला नेट मिळेल, पण ॲपला स्टिक सापडणार नाही. काही राउटरमध्ये मुख्य वाय-फायवरही हीच सोय एपी आयसोलेशन या नावाने सुरू असते. दोन्ही एकाच नावावर असून ॲप रिकामं दिसत असेल तर तिथे बघा. आयफोनवर ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय ना, आणि फोनवर व्हीपीएन चालू नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

खटपट्या

बुवा, राउटर बदलणं सोपं आहे हे मान्य. पण जुना पासवर्ड निम्म्या सोसायटीला माहीत असेल तर तोच नव्या घरात कशाला न्यायचा? हॉटस्पॉट अर्ध्या तासासाठी असतो, राउटर कायमचा.

राउटरबुवा

मग काम झाल्यावर बदला. स्टिक ॲपमध्ये एकदा आली की नवा रिमोट येईपर्यंत राउटरला हात लावायचा नाही, एवढंच पथ्य. नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

सामानसुमान

जोडली! लॅपटॉपचा हॉटस्पॉट, २.४, डब्ल्यूपीए-२. अँड्रॉइडवरून ॲप चालतंय. एकच झालं: घरच्या वाय-फायचा पासवर्ड पहिल्यांदा चुकीचा गेला तेव्हा स्टिक दोन्हीकडून सुटली. लॅपटॉपचा हॉटस्पॉट बंद केलेला नव्हता, म्हणून पॉवर काढून लावल्यावर परत त्याच्यावर आली.

वायरमन

म्हणूनच घरचं वाय-फाय पक्कं जोडलं जाईपर्यंत हॉटस्पॉट बंद करायचा नसतो.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक वायरचा मार्ग. फायर टीव्ही स्टिकसाठी इथरनेट अडॅप्टर मिळतो. त्याची मायक्रो-यूएसबी स्टिकमध्ये, स्टिकची पॉवर अडॅप्टरमध्ये, लॅन केबल राउटरमध्ये. सेटअप झालेली स्टिक काहीही न विचारता वायरवरून नेट घेते. फोन त्याच राउटरच्या वाय-फायवर असला की ॲपला स्टिक दिसते. मग सेटिंग्जमध्ये घरचं वाय-फाय देऊन अडॅप्टर काढून ठेवा. वेग १०० एमबीपीएसपर्यंतच, पण या कामाला तो पुरून उरतो.

ओटीजी वाय-केबल (स्टिकला पॉवर आणि यूएसबी उपकरण एकदम जोडणारी दोन फाट्यांची केबल) आणि साधा यूएसबी कीबोर्ड हाही पर्याय आहे. बाण फिरवायला, एंटर निवडायला, एस्केप मागे जायला. वाय-केबलच घ्या. नुसत्या ओटीजीत पॉवर आत यायला वाट नसते, मग स्टिक सुरूच होत नाही. आणि पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून न घेता स्टिकसोबत आलेल्या चार्जरमधून द्या. टीव्हीचा पोर्ट एकट्या स्टिकलाच जेमतेम पुरतो, कीबोर्ड जोडला की ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहते.

चिंचपोकळी_लोकल

ओळखीच्यांकडून जुनी स्टिक घेतली आहे. रिमोट नाही, आणि तिच्यात कुठलं वाय-फाय होतं तेही माहीत नाही. मला यातलं काय चालेल?

खटपट्या

हॉटस्पॉटची युक्ती नाही, कारण कुठलं नाव द्यायचं तेच माहीत नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांना विचारा, तो सगळ्यात स्वस्त उपाय. त्यांना पासवर्ड आठवत नसेल तर त्यांच्या अँड्रॉइड १० किंवा पुढच्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या वाय-फायवर शेअर दाबलं की क्यूआरखाली बहुतेक फोन पासवर्डही दाखवतात. आयफोनवर आयओएस १६ पासून वाय-फायच्या पानावर एडिट दाबून मिळतो.

ते जमलं नाही तर टीव्हीचा रिमोट किंवा वायरमन यांचा अडॅप्टर. पण अडॅप्टरने नेट मिळालं तरी ॲपला लॉगिन जुन्या मालकाच्या खात्याचं लागेल. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं टळत नाहीच. स्टिक चालवता यायला लागली की ती त्यांच्या खात्यातून काढून तुमच्यावर घ्या, नाहीतर तुम्ही काय भाड्याने घेतलंत त्याचं बिल त्यांना जाईल.

आणि रिमोट विकत घेणार असाल तर वर्णनात ब्लूटूथ शब्द आहे का ते बघूनच घ्या, नुसता इन्फ्रारेडवाला फुकट जाईल. आल्यावर स्टिकची पॉवर काढून लावा, होम स्क्रीन येऊ द्या, रिमोट जवळ धरून होमचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. नाही जुळला तर ॲपमधून सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हाइसेस, ॲमेझॉन फायर टीव्ही रिमोट्स, ॲड न्यू रिमोट, आणि मग पुन्हा होम १० सेकंद. सेल नवे कोरे घाला. अर्धवट उतरलेल्या सेलवर दिवा लागतो, पण पेअरिंग होत नाही.