मदत हवी आहे : पॉवरबुक १८० च्या झाकणातून उखडलेली बिजागरी

माझ्याकडे अ‍ॅपलचा पॉवरबुक १८० हा लॅपटॉप आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये बाजारात आलेले हे मॉडेल असून त्यात ३३ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि करड्या रंगाच्या १६ छटा दाखवणारा ६४० बाय ४०० चा अ‍ॅक्टिव्ह मॅट्रिक्स पडदा आहे. यंत्र व्यवस्थित सुरू होते, हार्ड डिस्क वाचली जाते, कळफलकाची एकही कळ गेलेली नाही. मात्र पडद्याची डावी बिजागरी झाकणातून उखडली आहे, आणि उजवीकडचे प्लॅस्टिकही आता कुरकुरू लागले आहे. त्यामुळे सध्या मी लॅपटॉप उघडणेच बंद केले आहे.

टी ८ आणि टी १० मापाचे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) पेचकस वापरून झाकण खोलून पाहिले. बिजागरीचा धातू पूर्णपणे शाबूत आहे. तुटले आहे ते झाकणाच्या आतल्या बाजूचे प्लॅस्टिक. तिथे झाकणासोबतच ओतलेल्या छोट्या खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीत आटे असलेली पितळी नळी बसवलेली आहे आणि बिजागरीचे स्क्रू त्या नळीत फिरतात. एक खुंटी बुडापासून निखळली आहे. दुसरी उभी चिरली असून तिच्यातली पितळी नळी स्क्रूला चिकटूनच बाहेर आली. तुकडे मी एका डबीत जपून ठेवले आहेत आणि ते एकमेकांत नीट बसतात. या जागेपासून झाकणाच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत एक केसासारखी बारीक चीर गेली आहे, जी डोळ्यांना फारशी दिसत नाही, पण नख फिरवले की जाणवते.

यात निर्मात्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ गेल्यावर प्लॅस्टिक ठिसूळ होणारच. माझ्या समजुतीप्रमाणे खरी अडचण बिजागरीच्या घट्टपणात आहे. पडदा हव्या त्या कोनात थांबावा म्हणून अशा बिजागरीत मुद्दाम घर्षण ठेवलेले असते. आतले ग्रीस सुकले आणि दांड्याला गंज धरला की ते घर्षण वाढत जाते, आणि झाकण उघडताना हाताने लावलेला जोर दांडा फिरवण्याऐवजी खुंट्या उपटण्यात खर्च होतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी दांड्याला गंज चढायला वेळ लागत नाही, आणि हा लॅपटॉप तर गिरगावातल्या आमच्या घरात कित्येक पावसाळे कपाटातच पडून होता.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड घरापासून पायी अंतरावर असल्यामुळे तिथल्या काही दुकानांत चौकशी केली. सुटा भाग मिळणार नाही, हे उत्तर अपेक्षितच होते. एका कारागिराने झाकणाला आरपार भोक पाडून नट-बोल्टने बिजागरी आवळून देण्याची तयारी दाखवली. जोड मजबूत होईल याविषयी शंका नाही, पण झाकणाच्या पाठीवर कायमचे दोन बोल्ट दिसत राहतील, म्हणून तो उपाय मला शेवटचा वाटतो. नावाच्या अ‍ॅक्रिलिक पाट्या करणाऱ्या एका गृहस्थांनी क्लोरोफॉर्मने तुकडे जोडून पाहण्याचे सुचवले. अ‍ॅक्रिलिकसाठी ती पद्धत रूढ आहे हे खरे, पण हे प्लॅस्टिक अ‍ॅक्रिलिक नाही आणि चीर बाहेरच्या बाजूपर्यंत गेलेली असताना द्रावक आत सोडण्याचे धाडस मला होत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. तुकडे जोडण्यासाठी अ‍ॅराल्डाइट घ्यावे, एम-सील घ्यावे, की फेविक्विक आणि खायचा सोडा यांची जी जोडी अनेक जण सुचवतात ती वापरावी? पितळी नळी सोल्डरिंग आयर्नने तापवून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवता येईल का, की त्या उष्णतेने जवळच्या पडद्याला इजा होईल? पडदा तापला की त्याच्या कडांकडून काळपट छाया आत सरकते, हा या जातीच्या पडद्यांचा परिचित दोष माझ्या यंत्रातही आहे, म्हणून ही काळजी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिजागरी सैल कशी करावी? काही लॅपटॉपच्या बिजागरीत चकत्यांच्या थरावर नट असतो आणि तो थोडा उलटा फिरवला की घर्षण कमी होते, पण माझ्या बिजागरीवर असा नट कुठेच दिसत नाही.

प्रतिसाद

मी ठाण्यात मोजमापाची उपकरणे दुरुस्त करते, त्यामुळे अशा तुटलेल्या खुंट्या माझ्याकडे नेहमी येतात. आपले निदान बरोबर आहे आणि म्हणूनच कामाचा क्रम बिजागरीपासून सुरू व्हायला हवा. ती सैल केल्याशिवाय कितीही चांगला जोड दिला तरी तो पुन्हा उखडेल आणि या वेळी झाकणाचा मोठा तुकडा सोबत घेऊन जाईल.

नट नसेल तर दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली पट्टी किंवा स्प्रिंग असते. तिला सैल करायचा स्क्रू नसतो. बिजागरी झाकणापासून पूर्ण वेगळी करा, दांड्याच्या टोकाशी गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एखादा थेंब सोडा आणि पक्कडीत धरून सावकाश पुढे-मागे फिरवत राहा. सुकलेले ग्रीस तपकिरी चिखलासारखे बाहेर येते. ते पुसून पुन्हा तेल द्या. हे काम झाकणावर अजिबात करू नये, कारण तेल लागलेल्या जागी नंतर कोणताही गोंद धरत नाही, शिवाय काही प्लॅस्टिके ताणाखाली असताना तेलाने आणि द्रावकाने तडकतात. अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म दोन्ही दूर ठेवा.

जोडासाठी सावकाश घट्ट होणारे साधे अ‍ॅराल्डाइटच घ्यावे. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार इथे उपयोगाचा नाही, कारण जुळणी तपासायला वेळ उरत नाही. फेविक्विक आणि सोडा क्षणात दगडासारखे होते, पण ते ठिसूळ असते, झाकण उघडण्याचा झटका सोसत नाही आणि त्याच्या वाफेचा पांढरा थर आजूबाजूला धरतो. एम-सील पोकळी भरायला ठीक, मात्र भार त्याच्यावर टाकू नका. नळी तापवून बसवण्याची पद्धत नव्या प्लॅस्टिकसाठी चांगली आहे. चिरलेल्या, जुन्या खुंटीत ती चीर वाढवते.

पितळी नळीचा बाहेरचा भाग काचपेपरने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळा, म्हणजे गोंद स्क्रूला धरणार नाही. मग नळ्या बिजागरीवरच स्क्रूने लावा आणि बिजागरीसकट त्या गोंदात बसवा. असे केल्याने नळ्यांमधील अंतर आपोआप बरोबर राहते, आणि बहुतेक दुरुस्त्या बिघडतात त्या याच अंतरात. खुंट्यांच्या भोवती बुडापर्यंत गोंदाचा उतार भरा, पण पडदा जिथे टेकतो तिथे उंची वाढू देऊ नका. चिरेवर आतून पातळ पितळी पत्र्याची पट्टी चिकटवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांत असा पत्रा सहज मिळतो. गोंद ओला असतानाच झाकण एकदा मिटून खटका बसतो का ते पाहावे आणि नंतर किमान २४ तास हात लावू नये. पावसाळ्यात मी आणखी एक दिवस थांबते.

या सगळ्यापूर्वी बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर काढलेले असावेत. पडद्यामागच्या दिव्याला शेकडो व्होल्ट लागतात, आणि त्याच्या तारा बिजागरीजवळून जात असल्यास गोंद भरताना त्या चिमटल्या जाणार नाहीत याकडेही लक्ष असू द्या.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. डावी बिजागरी सुटी करून तेल दिले. आधी पक्कडीशिवाय न हलणारा दांडा आता बोटांनी फिरतो. पण तो जास्त सैल झाला तर पडदा स्वतःच्या वजनाने मागे पडेल, अशी शंका येते. कुठे थांबावे? शिवाय उजवी बाजू अजून तुटलेली नाही. ती तशीच ठेवावी का?

प्रतिसाद

बिजागरी जोडल्यावर पडदा नेहमीच्या कोनात ठेवून टेबलावर हलकी थाप मारा. पडदा जागचा हलला नाही तर पुरेसे घर्षण शिल्लक आहे, त्याहून अधिक नको. उजवी बाजू आत्ताच करा. दोन्हीकडचे घर्षण सारखे नसेल तर झाकण तिरके उघडते आणि सगळा पीळ घट्ट बाजूच्या खुंट्यांवर येतो. तिकडच्या खुंट्या शाबूत असल्यामुळे तोडफोड काहीच नाही. बिजागरी काढून तेल द्या, खुंट्यांच्या बुडाशी गोंदाचा उतार भरा आणि दोन्ही बाजू एकदमच सुकू द्या.