चेहऱ्यासाठी चिकाची पावडर खरंच घ्यावी का?

घोडबंदरकर:
आमच्या जिममध्ये सध्या ज्याला बघावं तो कोलोस्ट्रमची पावडर घेतोय, सकाळी उपाशीपोटी एक चमचा, आणि म्हणे स्किन ग्लो करते, पिंपल जातात. कोलोस्ट्रम म्हणजे आपला चीक, गाय व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतं ते घट्ट पिवळसर दूध, ज्याचा खरवस करतात. माझं मत स्पष्ट आहे, स्किनसाठी यावर पैसे घालवू नका. चिकात अँटीबॉडीज, लॅक्टोफेरिन नावाचं जंतूंशी लढणारं प्रोटीन, ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला सांगणारे घटक भरपूर असतात, वाद नाही. पण गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या अँटीबॉडीज मिळत नाहीत म्हणून त्या चिकातून घ्याव्या लागतात, आणि वासराचं आतडंसुद्धा त्या अख्ख्या शोषतं ते साधारण पहिले २४ तासच. मग पस्तिशीतल्या माणसाने खाल्लेलं प्रोटीन गालापर्यंत कसं पोचणार? बहुतेक सगळं पचून जातं, डाळीतलं जातं तसंच.

वाशीवाली:
गालापर्यंत पोचतं असं म्हणतंय कोण? मुद्दा आतड्याचा आहे. जोरात व्यायाम केला की आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि कोलोस्ट्रम घेणाऱ्यांमध्ये हे सैल पडणं कमी झालेलं दिसलंय, खेळाडूंवर तसे ट्रायल झालेत, शिवाय अँटीबॉडीजचा थोडा भाग पचनातूनही टिकतो. मी पामबीच रोडला रोज पळते, पावडर सुरू केल्यापासून पोट शांत आहे आणि कोपराच्या आतल्या बाजूला एक्झिमाचा जो खरखरीत पट्टा होता तो बराच मऊ पडलाय. पोट आणि त्वचेचा संबंध असतो हे डॉक्टरही मानतात ना?

घोडबंदरकर:
मानतात, पण पोटावरचा ट्रायल म्हणजे त्वचेवरचा ट्रायल नाही. त्वचेबद्दल जे काम आहे ते बरंचसं लॅबमधल्या पेशींवर किंवा जखमेवर वरून लावण्याचं, चमचाभर पावडर खाऊन चेहरा सुधारला याला भक्कम पुरावा नाही. आणि एक्झिमा तर हवा बदलली तरी कमी-जास्त होतो.

नौपाड्याची ताई:
पिंपलवाल्यांनी उलट जपून राहावं. चिकात आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर असतो, आणि दूध, व्हे प्रोटीन जास्त घेणाऱ्यांत पिंपलचा संबंध दिसतो त्यामागे शरीरातला आयजीएफ-१ वाढणं हे एक कारण मानतात. वाशीवाली, तू स्पर्धेत पळत असशील तर हेही बघ, जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची कोलोस्ट्रमवर बंदी नाही, पण याच ग्रोथ फॅक्टरमुळे टेस्टवर परिणाम होऊ शकतो म्हणून ते घेऊ नका असं ती सांगते. दुधाची ॲलर्जी असेल तर विषयच संपला.

मुरबाडचा गोठेवाला:
आमच्याकडे गाय व्याली की आधी वासराला पाजतो, पहिल्या काही तासांतच, त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा तरी, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. पोट भरलं नाही तर हगवण लागते आणि वासरू हातचं जातं. उरलेला चीक शेजारी वाटायचा ही जुनी रीत, विकायचा नाही म्हणतात आमच्याकडे. आता डबे भरायला एवढा चीक लागणार तर पहिल्या धारेचा, सगळ्यात कसदार चीक वासराला मिळतोय का हे कोण बघतंय?

वाशीवाली:
दादा, तुमचा मुद्दा मला पटतो. माझ्या डब्यावर वासराला पाजून उरलेला चीक असं छापलंय, पण ते तपासतं कोण हे कंपनीला विचारते. बाकी मी घेणं सोडणार नाही, माझ्या पोटाला फरक पडलाय आणि मी स्पर्धेत उतरत नाही.

घोडबंदरकर:
पोटासाठी घेतेस तर घे, त्यावर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ग्लोच्या नावाखाली कॉलेजच्या मुलींना हजारो रुपयांचा डबा विकण्यावर. तेवढ्यात त्वचेच्या डॉक्टरची फी, बरं सनस्क्रीन आणि पिंपलवरचं ॲडापलीन जेल येतं, आणि ते जेल कसं काम करतं हे नीट तपासलेलं आहे.