कल्हईच्या पितळी पातेल्याला आमरस करपून लागलाय, कसा काढू?

राजापूरची लेक

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे.

माहेरी आले आहे, राजापूरजवळच्या गावी. यंदा साटं (आंबापोळ्या) घालायची होती, पण तीन दिवस ऊनच पडलं नाही. ताटांतला रस आंबायला नको म्हणून आई म्हणाली, उरलेला रस आटवून मावा करून ठेवू. मागल्या दारी चूल पेटवली आणि आजीचं मोठं पितळी पातेलं काढलं. आठ-नऊ लिटर रस होता. दोन तास मी ढवळत होते. रस दाटला, शिंतोडे हातावर उडायला लागले आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. अंगणात आमसुलं वाळत होती, ती उचलायला धावले. परत येईपर्यंत करपट वास सुटला होता.

वरचा मावा काढून घेतला, तो चांगला आहे. पण बुडाला ताटलीएवढा काळा थर बसलाय. पातेलं निवू दिलं, रात्रभर पाणी घालून ठेवलं, सकाळी लाकडी कालथ्याने खरवडलं. निम्मं सुटलं, बाकीचं दगडासारखं आहे. शेजारच्या काकू तारेची घासणी घेऊन आल्या होत्या, पण आईने लावू दिली नाही. आत कल्हई आहे, चार वर्षांपूर्वीची. आजीने हे पातेलं लग्नात आणलं होतं. आई मला काही बोलली नाही, पण सकाळपासून दोनदा जाऊन बघून आली.

कल्हई न दुखावता हे कसं काढायचं? आणि कल्हई गेलीच असेल तर ओळखायचं कसं?

खाडीकाठ

ताई, कोकमाचं आगळ ओता आणि रात्रभर ठेवा. आमच्याकडे पितळेची समई, तांब्या, सगळं आगळाने नाहीतर चिंचेने लख्ख होतं.

परसदार

खाडीकाठदादा, समईसाठी तुमचं बरोबर आहे, इथे मात्र आगळ नको. आंबटाने पितळेवरचा काळपटपणा आणि हिरवट कळंक जातो, कारण तो धातूवर चढलेला गंज असतो. करपलेला रस म्हणजे जळून कोळसा झालेली साखर. त्यावर आंबटाचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय कल्हई कुठे उडाली असेल तर रात्रभर ते आगळ उघड्या पितळेला लागणार. त्यासाठीच तर आपण कल्हई करतो.

ताई, तुम्ही तारेची घासणी लावली नाहीत हे फार चांगलं केलंत. कल्हई म्हणजे कथलाचा अगदी पातळ थर, आणि कथील मऊ असतं. घासणीने करपलेलं निघेल, पण त्याबरोबर कल्हईही जाईल.

असं करा. पातेल्यात थर बुडून वर चार बोटं येईल इतकं पाणी घ्या. दर लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घाला. धुण्याचा सोडा नको, कॉस्टिक तर मुळीच नको, तीव्र क्षार कथील खातो. गॅसवर मंद आचेवर ठेवा, चुलीवर नको, कारण चुलीची आच हवी तशी कमी होत नाही. पाणी नुसतं हलकं उकळत राहू दे, पंधरा-वीस मिनिटं. मग गॅस बंद करून झाकण ठेवा आणि पूर्ण निवेपर्यंत हात लावू नका. सोड्याच्या गरम पाण्याने थर फुगतो आणि कडेने सुटायला लागतो. कडेपासून लाकडी कालथ्याने आडवं सरकवत या, मधोमध टोचू नका. जेवढं सहज येईल तेवढंच काढा. पाणी बदलून पुन्हा तेच. तुमच्या वर्णनावरून दोन-तीन वेळा करावं लागेल.

पाणी आटू देऊ नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आत पाणी आहे तोवर बूड १०० च्या फार वर जात नाही. पण रिकामं पातेलं आचेवर राहिलं तर काही मिनिटांत कल्हईच वितळेल. थर सुकवून, तापवून झाडायचा उपाय बरेच जण सांगतात. तो इथे करू नका.

ओळखायचं असं: कल्हई करडी, मंद दिसत असेल तर ती ठीक आहे, वापराने ती तशी होतेच. पिवळा धातू दिसला तर तिथली कल्हई गेली. हाताला बारीक गोळ्या किंवा ओघळ लागले तर ती वितळून सरकली आहे.

वेंगुर्ल्याची काकी

अगो बाय, घाय करू नको. माका सांग, थराच्या कडेक कल्हय दिसता काय?

आमच्याकडे फणसाच्या रसाचं असंच झालं होतं. सोड्याचं पाणी दोनदा उकळलं आणि नंतर नारळाच्या किशीने, म्हणजे सोडणाच्या काथ्याने, हलक्या हाताने गोल गोल चोळलं. किशी नवी, राठ नको. पाण्यात भिजवून मऊ झालेली घे. आणि चुलीतली राख आत लावू नको, तिच्यात खरखरीत कण असतात. बाहेरच्या काजळीला मात्र राखेसारखं दुसरं काही नाही. पुढच्या वेळी चुलीवर चढवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा लेप दे, काजळी लेपाबरोबर धुऊन जाते.

चाळीतला कोकणी

धाग्यात घुसतो, पण माझंही असंच आहे. काल स्टीलच्या टोपाला खिरीचं दूध लागलं आणि आईचा जर्मनचा टोप भाताने करपलाय. दोन्हींना सोडा चालेल?

परसदार

स्टीलला बिनधास्त उकळा, सोडा थोडा जास्त घातलात तरी हरकत नाही. मात्र आगळ किंवा मिठाचं पाणी स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका, मिठाने बुडाला बारीक खड्डे पडतात. आणि तापलेल्या टोपात एकदम गार पाणी ओतू नका, बूड वाकतं.

जर्मनला सोडा नको. अॅल्युमिनियम क्षाराने काळं पडतं आणि झिजतं. त्यात चिंचेचं किंवा लिंबाच्या सालींचं पाणी उकळा. भात आधी रात्रभर भिजू दे, तो तसाही सुटतो.

राजापूरची लेक

काकी, कडेक दिसता गो, करडी हा.

परसदार, एक विचारते. दोन तास काही झालं नाही आणि पाच मिनिटांत एवढं कसं करपलं?

परसदार

रस पातळ असतो तेव्हा तो स्वतःच फिरत राहतो, खालचा तापून वर येतो, वरचा खाली जातो. दाटला की हे फिरणं थांबतं. बुडाशी आहे तो तिथेच अडकतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि आच थेट साखरेला लागते. त्यात फळातलं फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं, उसाच्या साखरेला त्यासाठी १६० च्या पुढे जावं लागतं. म्हणून मावा आटवताना शेवटचा अर्धा तास दोन माणसं हवीत. एकाला उठावं लागलं तर दुसऱ्याने ढवळायचं. कोणीच नसेल तर लाकडं बाहेर ओढून मगच उठायचं.

राजापूरची लेक

आज तिसरी उकळी झाली. पहिल्या वेळी कडा सुटल्या. दुसऱ्या वेळी हाताएवढा तुकडा अख्खा निघाला, पापडासारखा. तिसऱ्यानंतर थोडे काळे ठिपके राहिले होते, ते काकींनी सांगितल्याप्रमाणे भिजवलेल्या किशीने गेले.

मधोमध रुपयाएवढ्या जागी पिवळं दिसतंय. गोळ्या, ओघळ काही नाहीत. बाकी कल्हई जागेवर आहे.

परसदार

मग फार थोडक्यात सुटलात. आता कल्हई करून घेईपर्यंत त्यात आंबट काही शिजवू नका, ताकही ठेवू नका. तांब्या-पितळेच्या जुन्या दुकानात विचारा, त्यांना कल्हईवाला ठाऊक असतो. तो पातेलं तापवून नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. नुसतं तेवढं ठिगळ करू नका, आतून पूर्ण करून घ्या, आणि शिशाची भेसळ नसलेलं कथील हवं असं आधीच सांगा.

राजापूरची लेक

सोमवारी बाजारात नेते. आई आत्ता ते सुक्या फडक्याने पुसत बसली आहे. पुढच्या वर्षी मावा करताना ती माझ्या शेजारी बसणार आहे, आणि आमसुलं पावसात भिजली तर भिजू दे म्हणाली.