विमान मुंबईहून न्यूयॉर्कला साडेसहा तासांत जातं?? अन् परत यायला साडेचोवीस?

परभणीकर:
मंडळी, आईबाबा बहिणीकडं न्यूयॉर्कला जायलेत, पहिल्यांदाच, डायरेक्ट विमान. तिकिटावर २५ जूनला मुंबई रात्री २:०० अन् न्यूयॉर्क त्याच दिवशी सकाळी ८:३०. नोव्हेंबरच्या शेवटी परत येतानाचं दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०. बाबा म्हणायलेत एजंटनं काहीतरी घोळ घातला. मी दोन्हीकडं साडेनऊ तासांचा फरक धरला तर जाताना १६ तास येतात, येताना १५. रस्ता तोच ना? अंतर नेमकं किती? आईचं वेगळंच, त्या दिवशी एकादशी आहे, ती कुठल्या घड्याळानं सोडायची.

गोदाकाठ:
एजंटची चूक नाही. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते. अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात, मग फरक साडेदहाचा होतो. साडेचोवीसमधून तेवढे वजा कर, १४ च तास उरतात. एकादशीचं म्हणशील तर पंचांग त्या त्या गावच्या सूर्योदयावर चालतं, उतरल्यावर तिथलंच पाहायचं.

बिनधास्त_बीड:
मला एक कळंना, पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, म्हणजे जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडं यायलंय की. मग जातानाच जास्त वेळ कसा काय

गोदाकाठ:
हवा पण पृथ्वीसोबतच फिरते भाऊ. चालत्या रेल्वेच्या डब्यात माशी उडते, ती मागच्या भिंतीला आपटती का? खरी गंमत वाऱ्याची आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर लैच जोर. सायकलवर वारा समोरून असला की कसं होतं, तसं जाताना, अन् येताना तोच वारा पाठीमागून.

सुतळी_जालना:
अंतर सरळ धरलं तर साधारण १२,५०० किमी. पण नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारू नको, ती अरबस्तान, आफ्रिकेवरून जाती अन् लांबची पडती. मी पोराच्या पृथ्वीच्या गोलावर सुतळी ताणून पाहिली, मुंबईहून निघाली ती मॉस्कोजवळून, नॉर्वे, आइसलंडच्या बाजूनं ग्रीनलंडच्या खालच्या टोकापाशी, मग खाली न्यूयॉर्क. तरी विमान असंच जाईल असं नाही, पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा वळसे पडले, मुंबईपेक्षा दिल्लीवाल्यांना जास्त. (आपलं परभणी-मुंबई साडेपाचशे किमी अन् रेल्वेला दहा तास, त्याचं कुणी विचारत नाही)

लातूरची_ताई:
हे सगळं राहू दे बाळा, तारीख बघ आधी. २५ ला रात्री २ म्हणजे २४ ची रात्र! २४ ला रात्री दहापर्यंत विमानतळावर पाहिजेत. आमच्या मामानं ह्याच्यापायी विमान घालवलंय, दुसऱ्या दिवशी रात्री बॅगा घेऊन हजर. अन् आईंना कडेची सीट घे, सोळा तासांत पाय सुजतात, मधून मधून उठून चालायला सांग.

परभणीकर:
आईशप्पथ. बाबांनी मुंबईला जायला २५ च्या तपोवन एक्सप्रेसचं तिकीट काढून ठेवलंय ताई, सकाळच्या. थांबा आधी ते कॅन्सल करतो