मेटलकोरच्या अल्बममध्ये पाहुणे गायक: गरज की नुसता बडेजाव?

राजारामपुरी_रिफ: मेटलकोर म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण. त्यातल्या किलस्विच एन्गेज बँडचा २०१९चा अल्बम 'अटोनमेंट' घ्या. ११ गाणी, पाहुणे दोनच. 'द क्राऊनलेस किंग'मध्ये थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, वाजवणाऱ्या टेस्टामेंट बँडचा गायक चक बिली, 'द सिग्नल फायर'मध्ये हॉवर्ड जोन्स. हॉवर्ड याच बँडचा जुना गायक. २००२ ते २०१२ माईक त्याच्याकडे होता. त्याच्या आधी जेसी लीच आणि नंतरही जेसीच. ज्याची जागा घेतली तो आणि ज्याने घेतली तो, दोघं एका गाण्यात! माझी कसोटी एकच: पाहुणा काढला की गाणं लंगडं पडलं पाहिजे. नाहीतर ते नाव नुसतं जाहिरातीला.

जाळधूर_संगट: भावा, मग चक बिली तुझ्याच कसोटीत बसत नाही की. आवाज भारदस्त, वाद नाही. पण जेसीनं एकट्यानं गायलं असतं तर काय बिघडलं असतं? थ्रॅशचा वास यावा म्हणून थ्रॅशवाला बोलावला, एवढंच.

पंचगंगा_पूर: आर्किटेक्ट्स बँडचा २०२१चा 'फॉर दोज दॅट विश टू एक्झिस्ट' तर बघाच. १५ गाण्यांत तीन पाहुणे: पार्कवे ड्राइव्हचा विन्स्टन मॅकॉल, बिफी क्लायरोचा सायमन नील, रॉयल ब्लडचा माईक केर. मॅकॉलचं पटतं, आर्किटेक्ट्सचा गायक सॅम कार्टरच्या चिरक्या आवाजाखाली त्याचा जाड आवाज बसतो. बाकी दोघं रॉकच्या गिऱ्हाइकासाठी. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आला म्हणून सगळं माफ?

जाळधूर_संगट: काय बोलालाईस! रॉकवाल्यांनी ऐकलं तर बिघडलं कुठं? आपणच दोनशे जणांत फिरायचं काय कायम?

देवल_क्लबचा_श्रोता: मला तुमची आरडाओरड झेपत नाही, मुलगा लावतो म्हणून कानावर पडते. पण कोल्हापुरात राहून पाहुण्यांना नावं ठेवता? १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी आपले केशवराव भोसले आणि बालगंधर्व 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. नाटक कंपन्या दोन, गायकी दोन. लोक त्यासाठीच आले होते ना?

पंचगंगा_पूर: काका, तो खास प्रयोग होता, पाहुणा समोर हजर. अल्बमचं तसं नाही. दौऱ्यावर पाहुणा नसतो, मग त्याच्या ओळी घरचाच गायक कशाबशा उरकतो नाहीतर टेप लावतात. ऐकणारा मात्र तिकीट पूर्ण काढतो.

राजारामपुरी_रिफ: हे मात्र खरं. आम्ही 'सिग्नल फायर' बसवतोय, आमचा गायक एकटा. एकाची ओळ संपते तोवर दुसऱ्याची अंगावर येते. गुरगुरणं सोडून लगेच स्वच्छ सूर लावायचा, मध्ये दम घ्यायला फटच नाही. दुसऱ्या कडव्याला गडी खोकत खाली बसला. म्हणूनच म्हणतो, त्या गाण्याला हॉवर्ड लागतोच. चक बिलीबद्दल मात्र जाळधूरशी भांडण चालू.

जाळधूर_संगट: भांडण नंतर. तुमचा बेसवाला गातो काय ते आधी सांग. हॉवर्डच्या ओळी त्याच्या गळ्यात घाला आणि गायकाला जरा पाणी पाजा.