नेवोद: माशांना चकवायला ठेवलेलं नाव?

नदीकाठी: किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला रशियनमध्ये 'नेवोद' म्हणतात. पुश्किनच्या १८३३ सालच्या सोनेरी माशाच्या गोष्टीत म्हातारा समुद्रात टाकतो तेच. चेक, पोलिश, बल्गेरियनमध्येही थोड्याफार फरकानं हाच शब्द आहे, त्यामुळे तो या सगळ्यांची जननी असलेल्या मूळ स्लाव भाषेत होता असं मानतात. (आपल्या निवदाशी नातं जोडू नये, ही विनंती.) घोळ 'ने'चा आहे. 'ने' म्हणजे नाही. माझं मत: माशांना सुगावा लागू नये म्हणून जाळ्यालाच 'जाळं नव्हे' म्हटलं. भाषातज्ज्ञ फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशाचा रोखही तिकडेच आहे. स्लावांनी अस्वलाचं जुनं नाव टाकून 'मध खाणारा' केलंच ना? आपणही रात्री सापाला लांबडं म्हणतो.

खडूस पंतोजी: दोन्ही उदाहरणं गैरलागू. तिथे नावच बदललं. जुन्या नावाला नुसता नकार चिकटवून मासा कसा चकेल? उपसर्ग उलगडला नाही की 'निषिद्ध शब्द' म्हणायचं, ही पळवाट आहे.

सुंगटा: एवढं कशाला? रशियनमध्ये वोदा म्हणजे पाणी. पाणी गळून जातं, मासे राहतात. ने-वोदा!

नदीकाठी: ऐकायला छान, पण टिकत नाही. लाटवियनमध्ये अशा जाळ्याला 'वद्स' म्हणतात आणि पाण्याला 'ऊदेन्स'. स्वीडिशमध्येही जाळं 'वाद'च. दोन्हीकडे 'ने' नाही. म्हणजे जाळ्याचा शब्द आधीचा, 'ने' स्लावांनी नंतर लावला. का लावला, ते पंतोजींनी सांगावं.

देवगडकर: आमची रापण बघा, तीही किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचीच. दोराचं एक टोक किनाऱ्यावर, होडी वळसा मारून दुसरं टोक आणते, मग दोन्हीकडून माणसं ओढतात. रशियन 'वोदीत' म्हणजे नेणे, चालवणे. नाव दोर ओढणाऱ्यांनीच ठेवलेलं दिसतंय.

खडूस पंतोजी: धातू तोच असेल, तर 'नेवेस्ता' म्हणजे नवरी हा रशियन शब्दही घ्या. काही जण त्याचा अर्थ 'अनोळखी' लावतात, काही 'नवी आणलेली'. दुसऱ्या अर्थात 'ने' म्हणजे नव, आणि त्यानंतर 'नेणे'चा तोच धातू, ज्याच्याशी आपली 'वधू'ही जोडतात. मग नेवोदमध्ये नकारच कशाला हवा?

नदीकाठी: नवरी एकदाच आणतात, पंतोजी. जाळं रोज ओढायचं. त्यात 'नवं' काय?

सुंगटा: रोज कुठलं? नारळी पौर्णिमेपर्यंत आमचं घरातच असतं.